एकाचा अपराध, सर्वांच्या माथी
(३० जानेवारी १९४८ आणि त्यानंतरचे दिवस)

शुक्रवार, दिनांक ३० जानेवारी १९४८. सायंकाळी पाच वाजून सतरा मिनिटांनी, दिल्लीच्या बिर्ला भवनात प्रार्थनेसाठी निघालेल्या महात्मा गांधींवर तीन गोळ्या झाडण्यात आल्या. या घटनेविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. मारेकरी मराठी होता, कटाचे धागे पुणे, अहमदनगर, ग्वाल्हेर अशा मराठी वस्तीच्या गावांतून फिरलेले होते. त्यामुळे हा विषय मराठी मनाला सतत बोचत राहिला, हे स्वाभाविकच होय. तथापि, त्या संध्याकाळपासून पुढच्या काही दिवसांत जे घडले, त्याकडे आपण फारसे वळून पाहिलेले नाही. मारेकरी जागच्या जागी पकडला गेला होता. त्याचे नाव, गाव, वय, धंदा सारे काही अल्पावधीत ज्ञात झाले. असे असूनही ‘हे कोणी केले?’ हा प्रश्न देशभर विचारला जात राहिला, आणि प्रश्न विचारणाऱ्यांना एका माणसाचे नाव ऐकून समाधान होणार नव्हते. त्यांना एक समाज हवा होता.

एका वाक्याने टळलेला अनर्थ

वार्ता कळताच लॉर्ड माउंटबॅटन बिर्ला भवनात पोहोचले. दारातील गर्दीत कोणी तरी ओरडले, की हे कृत्य मुसलमानाचे आहे. माउंटबॅटननी त्या माणसाला तत्क्षणी दटावले आणि मारेकरी हिंदू असल्याचे ठासून सांगितले. विशेष म्हणजे त्या क्षणी त्यांना स्वतःला खरी माहिती नव्हती. त्यांचे सहकारी ॲलन कॅम्बेल-जॉन्सन यांनी हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. मारेकरी मुसलमान निघाला असता तर देशात अशी कत्तल होईल की कोणाच्याने ती आवरणार नाही, हे माउंटबॅटन जाणून होते. त्याच संध्याकाळी आकाशवाणीवरून मारेकरी हिंदू असल्याचे जाहीर करण्यात आले, आणि दिल्लीपासून हैदराबादपर्यंत असंख्य मुसलमान कुटुंबांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

या प्रसंगाची थोरवी सांगताना त्यातील दुःखद भाग मात्र सहसा नजरेआड होतो. कोट्यवधी निरपराध माणसांचे प्राण मारेकऱ्याच्या धर्मावर अवलंबून असावेत, ही परिस्थितीच मुळात भयंकर होती. त्या रात्री देशातील मुसलमान वाचले ते निरपराध होते म्हणून नव्हे. निरपराध तर ते मारेकरी कोणीही निघाला असता तरी होतेच. ते वाचले, कारण गुन्हेगाराचे नाव त्यांच्यापैकी कोणाचे नव्हते.

ही परिस्थिती काही एका रात्रीत निर्माण झाली नव्हती. १६ ऑगस्ट १९४६ रोजी कलकत्त्यात दंगल पेटली. ऑक्टोबरमध्ये पूर्व बंगालच्या नोआखालीत हिंदूंवर अत्याचार झाले. त्याचा ‘बदला’ म्हणून बिहारात २५ ऑक्टोबरला ‘नोआखाली दिन’ पाळण्यात आला आणि बिहारमधील मुसलमानांची कत्तल झाली. बिहारच्या ज्या शेतकऱ्याने नोआखालीचे नावही पूर्वी कधी ऐकले नसेल, त्याला नोआखालीचा जाब देण्यासाठी मारण्यात आले. पुढे १९४७ साली पंजाबात दोन्ही बाजूंनी हाच हिशेब रक्ताने लिहिला गेला. लाहोरच्या गुन्ह्याची शिक्षा अमृतसरने भोगायची आणि अमृतसरच्या गुन्ह्याची शिक्षा लाहोरने, असा तो हिशेब होता. असा हिशेब कधी पुरा होत नाही, कारण प्रत्येक फेडीतून नवे कर्ज उभे राहते.

अखेरचे उपोषण

या साखळीची एक तरी कडी तोडावी, यासाठी गांधीजींनी आयुष्याची शेवटची पंधरा महिने खर्ची घातले. नोव्हेंबर १९४६ पासून मार्च १९४७ पर्यंत ते नोआखालीत हिंदूंचे अश्रू पुसत पायी फिरले आणि तेथून निघाले ते थेट बिहारात मुसलमानांकडे गेले. सप्टेंबर १९४७ मध्ये कलकत्त्यात त्यांनी उपोषण केले. १३ जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत त्यांचे अखेरचे उपोषण सुरू झाले.

मराठी घरांतील चर्चेत हे उपोषण मुख्यतः ‘पंचावन्न कोटीं’च्या संदर्भात आठवले जाते. परंतु १८ जानेवारीला ज्या प्रतिज्ञापत्रावर निरनिराळ्या पक्षांच्या व धर्मांच्या पुढाऱ्यांनी सह्या केल्या आणि ज्यामुळे उपोषण सुटले, त्यातील कलमे पाहिली की त्याचे खरे प्रयोजन ध्यानात येते. मेहरोलीला ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांच्या दर्ग्यात दरवर्षी भरणारा उरूस निर्वेधपणे भरावा. करोलबाग, पहाडगंज, सब्जीमंडी या भागांत मुसलमानांना निर्भयपणे वावरता यावे. ताब्यात घेतलेल्या मशिदी परत कराव्यात. गेलेले मुसलमान परत येऊ इच्छित असतील तर त्यांना अडथळा करू नये. आणि हे सारे पोलीस वा लष्कराच्या बळावर न होता लोकांच्या प्रयत्नाने व्हावे. प्रतिज्ञापत्रात पंचावन्न कोटींचा उल्लेख नाही.

त्या मशिदींत राहणारे निर्वासितही अन्यायाचे बळी होते, हे येथे विसरता येणार नाही. पश्चिम पंजाबातून सर्वस्व गमावून ते आले होते आणि जानेवारीच्या थंडीत त्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हते. त्यांचा संताप खरा होता, दुःख खरे होते. गांधीजींचे म्हणणे इतकेच होते, की ज्याने रावळपिंडीत घर जाळले तो गुन्हेगार आहे. दिल्लीच्या पहाडगंजातील मुसलमान मिठाईवाला त्याचा जामीन नाही. २७ जानेवारीला ते स्वतः मेहरोलीच्या उरुसाला गेले. त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांची हत्या झाली.

महाराष्ट्रात काय घडले

मारेकऱ्याचे आडनाव कळले आणि महाराष्ट्रात आगीचे लोळ उठले. ३१ जानेवारीपासून मुंबई, पुणे, नागपूर येथे ब्राह्मणांच्या घरांवर, दुकानांवर, छापखान्यांवर हल्ले झाले. मुंबईत शिवाजी पार्क भागात डॉ. नारायणराव सावरकर यांच्यावर दगडांचा वर्षाव झाला. त्यातून ते पूर्णपणे सावरले नाहीत आणि ऑक्टोबर १९४९ मध्ये त्यांचे निधन झाले. मोठ्या शहरांतील हा आगडोंब लवकर आटोक्यात आला. खेड्यापाड्यांत तो अधिक काळ आणि अधिक निर्दयपणे पसरला. सातारा जिल्हा, त्या वेळची कोल्हापूर व सांगली-मिरजेची संस्थाने, आणि तेव्हा मुंबई प्रांतात असलेला बेळगाव जिल्हा, हा पट्टा सर्वाधिक होरपळला. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. सांगलीत ब्राह्मण मालकांचे कारखाने भस्मसात झाले. पिढ्यान्‌पिढ्या एका गावात राहिलेली कुटुंबे रातोरात पुणे-मुंबईकडे निघाली, आणि त्यांतील अनेक पुन्हा कधी परतली नाहीत. आजही या भागातील गावांतून फिरताना जोत्यापर्यंत उरलेले एखादे वाड्याचे अवशेष दाखवून वृद्ध माणसे ‘अठ्ठेचाळीसचे’ एवढाच एक शब्द उच्चारतात.

आणि दोष कोणाला दिला गेला? गोपाळ कृष्ण गोखले, ज्यांना गांधीजींनी आपले राजकीय गुरू मानले, ते याच जातीचे होते. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून निवडलेले विनोबा भावे याच जातीचे. साने गुरुजी याच जातीचे. बेळगावला १९२४ साली काँग्रेसचे जे अधिवेशन भरले, ते गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेले एकमेव अधिवेशन होय. ते घडवून आणण्यात ज्यांचा सिंहाचा वाटा होता ते गंगाधरराव देशपांडे ब्राह्मणच होते. ज्या समाजाने गांधीजींना गुरू दिला, शिष्य दिले आणि मारेकरीही दिला, त्या समाजाचे ‘मत’ यांपैकी कोणत्या एका माणसावरून ठरवायचे? जमावाला हा प्रश्न पडला नाही. पेढे वाटल्याच्या वार्ता गावोगाव पसरल्या. वार्ता एखाद्या घराविषयी असे. दंड मात्र सबंध आळीला भरावा लागे.

याच दिवसांत दुसरेही काही घडले, त्याचीही नोंद घेतली पाहिजे. अनेक गावांत मराठा, मुसलमान, जैन, लिंगायत आणि दलित शेजाऱ्यांनी ब्राह्मण कुटुंबांना आपल्या घरात, गोठ्यात, शेतातील खोपीत लपवून ठेवले. जमाव एका जातीचा नव्हता आणि आसरा देणारे हातही एका जातीचे नव्हते. पुढे ज्या पीडित कुटुंबांतून ‘बहुजन समाजाने आमची घरे जाळली’ असे सरसकट म्हटले गेले, त्यांनीही नकळत तीच चूक केली, जिचे ते स्वतः बळी ठरले होते.

या साऱ्या प्रकरणाविषयी मराठी समाज दीर्घकाळ मूक राहिला. मॉरीन पॅटरसन या विदुषीने याचा अभ्यास केला, तो इंग्रजीत आणि तोही चार दशकांनी. ललित साहित्याने मात्र आपले कर्तव्य तुलनेने लवकर बजावले. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी या जळिताचीच कथा आहे, आणि कोणत्याही जातीला खलनायक न करता ती लिहिली गेली, हे तिचे मोठेपण आहे.

गाऱ्हाणे आणि आरोप

या जाळपोळीमागे गांधीजींविषयीचे प्रेम कितपत होते, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारला आहे, आणि तो रास्त आहे. पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाला दीर्घ इतिहास होता. जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला तेव्हापासून, आणि कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणापासून अधिक तीव्रतेने, ही धग जाणवत होती. शिक्षण, सरकारी नोकऱ्या, सावकारी आणि जमिनीची मालकी यांतील विषमता कल्पित नव्हती. कुळाच्या घामावर पोसलेला खंड आणि व्याजाने फुगलेली खाती हे ग्रामीण जीवनातले रोजचे वास्तव होते. ज्या समाजाने शतकानुशतके उच्च-नीचतेचा जाच सोसला, त्याच्या मनातील कडवटपणाला ‘अज्ञान’ म्हणून झटकून टाकणे न्यायाचे होणार नाही.

परंतु गाऱ्हाणे खरे असले म्हणून आरोप खरा ठरत नाही. सावकारी हा अन्याय होता, तर त्यावर कायदा हा उपाय होता. मुंबई सरकारने त्याच वर्षी, १९४८ साली, कूळकायदा केलाही. गांधीजींच्या खुनाशी सावकारीचा संबंध नव्हता. जुन्या हिशेबाची वही काढण्यासाठी नव्या गुन्ह्याचे निमित्त वापरले गेले, एवढेच. सबंध समाजाला दोषी ठरवण्याच्या प्रत्येक प्रकरणात असे दोन थर आढळतात. वर ताज्या गुन्ह्याचा संताप असतो, तळाशी जुना हिशेब असतो; आणि वरच्या थराच्या नावाखाली तळचा थर खपवला जातो.

न्यायालयाचे आठ महिने

जमावाने जो निर्णय एका रात्रीत केला, त्याच विषयावर निर्णय देण्यासाठी न्यायालयाने किती परिश्रम घेतले, हे तुलनेने पाहण्यासारखे आहे. लाल किल्ल्यात न्यायमूर्ती आत्माचरण यांच्यासमोर खटला चालला. सरकार पक्षाने १४९ साक्षीदार तपासले. दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाल्यावर आठ आरोपी उरले. त्यांत पुण्याचे गोडसे बंधू व आपटे होते, तसा पंजाबातून आलेला निर्वासित मदनलाल पाहवा होता, आणि बडग्यांचा नोकर शंकर किस्तय्या होता. म्हणजे कटाचे आरोपीदेखील एका जातीचे वा एका प्रांताचे नव्हते. १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल लागला. विनायक दामोदर सावरकर निर्दोष सुटले, सात जणांना शिक्षा झाल्या. अपिलात पूर्व पंजाब उच्च न्यायालयाने शंकर किस्तय्या आणि ग्वाल्हेरचे डॉ. दत्तात्रय परचुरे यांनाही मुक्त केले. उरले पाच. त्यांपैकी नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. ही फाशी टळावी म्हणून रदबदली करणाऱ्यांत गांधीजींचे पुत्र मणिलाल आणि रामदास होते.

आठांमधून पाच वेगळे काढण्यासाठी कायद्याला दीड वर्ष लागले. लाखोंना एकत्र दोषी ठरवायला जमावाला एक आडनाव पुरले.

१९६६ साली नेमलेल्या न्यायमूर्ती कपूर आयोगाने पुढे कटासंबंधी, सावरकर आणि त्यांच्या अनुयायांच्या गटासंबंधी प्रतिकूल निष्कर्ष नोंदवले, आणि त्यावरचा वाद शमलेला नाही. परंतु तो निष्कर्षही काही व्यक्तींविषयी आणि त्यांच्या गटाविषयी होता. जातीविषयी वा धर्माविषयी नव्हता. हा भेद महत्त्वाचा आहे. सरकारने ४ फेब्रुवारी १९४८ रोजी राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर बंदी घातली आणि जुलै १९४९ मध्ये ती उठवली. ती बंदी योग्य की अयोग्य, याविषयी मतभेद आहेत. पण एखाद्या संघटनेची चौकशी करणे ही निराळी गोष्ट आहे. संघटनेत माणूस स्वेच्छेने जातो, तिची ध्येये मान्य करतो, आणि नको असेल तेव्हा बाहेर पडतो. तिच्या शिकवणुकीविषयी, पैशाविषयी, आज्ञांविषयी तिला जाब विचारता येतो. जातीत आणि बहुधा धर्मातही माणूस जन्माने येतो. जन्माविषयी कोणालाही जाब विचारता येत नाही.

प्रायश्चित्त आणि शिक्षा

मग ज्या समाजातून असा माणूस निपजतो, त्याची काहीच जबाबदारी नाही काय? या प्रश्नाला साने गुरुजींनी आपल्या कृतीने उत्तर दिले. फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्यांनी कोणताही गुन्हा केला नव्हता; उलट आदल्याच वर्षी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावले होते. आपल्या भोवतालच्या हवेत द्वेष साठत असताना आपण कमी पडलो, ही त्यांची वेदना होती. अशी वेदना ज्याची त्याने स्वतः ओळखायची असते. प्रायश्चित्त स्वतः घ्यायचे असते. ते दुसऱ्यावर लादले की त्याची शिक्षा होते, आणि निरपराधाला दिलेली शिक्षा हा नवा अपराध असतो. बाहेरून दगड येऊ लागले की घरातला आत्मपरीक्षण करू पाहणारा माणूसही गप्प होतो, कारण तेव्हा त्याला प्रथम आपली मुले वाचवायची असतात.

वर्तुळ कोण आखतो?

या सर्व घटनाक्रमात एक बाब मनात ठसण्यासारखी आहे. मारेकरी हिंदू आहे असे कळल्यावर ‘सर्व हिंदू खुनी आहेत’ असे कोणी म्हटले नाही. देशातील बहुसंख्यांच्या लेखी तो एक माथेफिरू ठरला, आणि ते योग्यच होते. तो मुसलमान असता तर मात्र एक माणूस न राहता एक धर्म ठरला असता. महाराष्ट्रात, जेथे समाज जातींत विभागलेला होता, तेथे वर्तुळ थोडे लहान आखले गेले. ‘हिंदू’ऐवजी ‘ब्राह्मण’ म्हटले गेले. वर्तुळ लहान असो वा मोठे, ते आखणारा नेहमी त्याच्या बाहेर उभा असतो. आपल्यातल्याने गुन्हा केला की आपल्याला माणूस दिसतो, त्याचे वेड दिसते, त्याची परिस्थिती दिसते. परक्याने केला की समाज दिसतो. या नजरेवर कोणत्याही एका धर्माची मक्तेदारी नाही.

त्याच दिल्लीने छत्तीस वर्षांनी हे पुन्हा पाहिले. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींची त्यांच्या दोन शीख अंगरक्षकांनी हत्या केली. पुढील तीन दिवसांत सरकारी आकड्यानुसार एकट्या दिल्लीत २,७३३ शीख मारले गेले. खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या तीन आरोपींपैकी एकाला सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. न्यायालय येथेही माणसामाणसांत भेद करीत होते. जमावाने तो केला नाही. २००५ साली नानावटी आयोगाच्या अहवालानंतर पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी संसदेत क्षमा मागितली. तोपर्यंत एक अख्खी पिढी निवाऱ्याच्या वसाहतींत वाढली होती.

सीमाभागातील वाचकाला हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. भाषेच्या वादात एखाद्या बसवर पडलेला दगड कोणा एका हाताने मारलेला असतो. दुसऱ्या दिवशी तो ‘मराठ्यांनी’ वा ‘कानड्यांनी’ मारलेला ठरतो, आणि बाजारपेठेत वर्षानुवर्षे शेजारी दुकान मांडणारी माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. त्या क्षणी विचारण्याचा प्रश्न अगदी साधा आहे: दगड कोणी मारला, त्याचे नाव काय?

ग्रंथालय हे अशा प्रश्नांचे घर असते. येथील कपाटांत गोखल्यांचे चरित्र आहे, फुल्यांचे वाङ्‌मय आहे, साने गुरुजी आहेत, ‘वावटळ’ आहे. परस्परांशी वाद घालणारी ही पुस्तके एकाच छपराखाली नांदतात. प्रत्येक पुस्तकावर त्याच्या लेखकाचे नाव असते आणि त्यातील मजकुराचे उत्तरदायित्व त्या एकट्याचे असते. लेखकाची जात वा धर्म पाहून कोणी कपाट जाळत नाही. माणसांच्या बाबतीतही हाच नियम पाळला जावा, एवढीच १९४८ च्या त्या जळालेल्या घरांची मागणी आहे.